दिनकर तायडे यांनी सांगितलेल्या दोन ओळी

मयताचे नाव: दिनकर सखाराम तायडे. वय एकसष्ट. मूळ गाव अकोला जिल्ह्यात, राहणार वेम्बली, लंडन. व्यवसाय: टपालखात्यात छाननीचे काम, आणि त्याच्या जोडीने, किंबहुना त्याहून अधिक मनापासून, मार्चिंग बँडच्या संचलनांची रचना करणे व ती मुलांना शिकवणे. मृत्यूचा दिवस: दोन हजार सात सालच्या सप्टेंबरातला शेवटचा रविवार, दुपार. ठिकाण: लीड्सजवळच्या एका क्रीडामैदानाच्या प्रेक्षकांच्या पायऱ्या. साक्षीदार: मयताची कन्या प्रज्ञा, जी शेजारी बसली होती; बँडमधली झेंडेवाली मुलगी लीअ‍ॅन, वय सोळा, जिच्या पायाला प्लास्टर होते; आणि बँडच्या सेक्रेटरी मार्गारेटबाई, ज्या मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. निवेदक: शांताराम इंगळे, अर्जलेखक, राहणार वेम्बली, मयताचा तीस वर्षांचा मित्र. निवेदक घटनास्थळी हजर नव्हता.

त्या दुपारी मी ईलिंग रोडवरच्या एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत माझ्या नेहमीच्या टेबलापाशी होतो. समोर नवे लग्न झालेले एक जोडपे बसले होते. त्यांच्या व्हिसाचे कागद दुसऱ्या दिवशी क्रॉयडनच्या इमिग्रेशन कचेरीत न्यायचे होते आणि नवऱ्याच्या आडनावाचे स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचे होते. मी त्यांना समजावत असताना मोबाइल वाजला. प्रज्ञाचा आवाज... "काका, बाबा पडला. स्टेप्सवर पडला. ते लोक म्हणतात ही इज गॉन." मी म्हणालो, "कुठे गेला?" ती पुन्हा म्हणाली, "काका, गॉन." मी फोन ठेवला आणि त्या जोडप्याचा अर्ज पुरा केला, सही कुठे करायची तेही दाखवले. ते निघून गेल्यावर पाहिले तर माझ्या हातातल्या पेनाला टोपण नव्हते आणि शाई सदऱ्याच्या बाहीवर पसरली होती. आज पाच आठवडे झाले. तो शब्द माझ्या डोक्यात अजून नीट बसलेला नाही.

अंत्यविधी विहारातल्या मंडळींनी केला, त्रिशरण-पंचशील झाले. सातव्या दिवशी सुनंदावहिनींनी, म्हणजे दिनकरच्या पत्नीने, मला बोलावून घेतले. त्यांच्या हातात स्पर्धेचा छापील कार्यक्रम होता. बँडचे नाव, संगीत कोणाचे, पोशाख कोणाचा, सगळे त्यात होते. संचलनाची रचना कोणाची, ती ओळच नव्हती. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "वर्षभर हा माणूस माझ्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसला होता. आणि यांनी नावच काढून टाकलं. तुम्ही अर्ज लिहा. असा लिहा की त्यांना झोप लागणार नाही." मी हो म्हणालो. वहिनींना माहीत नव्हते, आणि मी त्या दिवशी सांगितले नाही, की ज्या पत्रामुळे ते नाव गेले ते पत्र माझ्या हातचे आहे. तो अर्ज मला लिहिता आला नाही. या पुरवणीच्या संपादकांनी दिनकरवर लेख मागितला, तेव्हा त्या अर्जाऐवजी हे निवेदन लिहायचे मी ठरवले.

वाचकांपैकी अनेकांना मार्चिंग बँड म्हणजे लग्नातला बँड वाटेल. मलाही तसेच वाटले होते. दिनकर आणि मी एकाच वर्षी या देशात आलो, एकाच घरात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिलो. मी आठवीनंतर शाळा सोडलेली, पण कायद्याची भाषा कानांनी आणि डोळ्यांनी शिकलो. आज या भागातली निम्मी मराठी घरे ज्या कागदांवर या देशात उभी आहेत, ते कागद मी लिहिलेले आहेत. दिनकरची शाळा अकरावीपर्यंत झाली होती, पण कागदाचे त्याला भय. बोलताना इंग्रजी बिनदिक्कत बोलायचा, लिहायची वेळ आली की पेन माझ्याकडे सरकवायचा. एका रविवारी तो मला ओढत एका लेजर सेंटरच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक क्रीडाकेंद्राच्या, कार पार्कमध्ये घेऊन गेला. तिथे चाळीसेक गोरी, काळी, सावळी मुले बिगुल, ढोल आणि झेंडे घेऊन उभी होती आणि दिनकर रिकाम्या दुधाच्या क्रेटवर चढून त्यांना ओरडून सांगत होता, "डोन्ट लुक अ‍ॅट युअर फीट, लव्ह! युअर फीट नो!"

मी म्हणालो, "दिनकर, चालायला शिकवायला माणूस लागतो होय?"

"वकीलसाहेब," तो मला असेच म्हणायचा, "तुम्ही चालून दाखवा. या पांढऱ्या रेघेपासून त्या रेघेपर्यंत पाच यार्ड. आठ पावलं. जास्त नाही, कमी नाही. आणि खाली बघायचं नाही."

मी ताठ मानेने निघालो. सहाव्या पावलाला रेघ ओलांडून पलीकडच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी पोचलो. चाळीसच्या चाळीस मुले हसली. एका मुलीने टाळ्या वाजवल्या. "बघा," दिनकर म्हणाला, "तुम्ही सगळी पावलं मोठीच टाकता. इथे शेजारच्याइतकं टाकायचं असतं." मला राग आला होता, हे नमूद करतो. पण मग मुलांनी वाजवत चालायला सुरुवात केली. एका ओळीची दोन झाली, दोनचा कोन झाला, कोन फिरत फिरत गोल झाला आणि गोलातून झेंड्यांची रांग अशी निघाली की मी हातातला चहा विसरलो. कोणी कोणाला धडकले नाही. एवढ्याशा डांबरी जागेत त्या माणसाने काय उभे केले होते, ते मला शब्दात पकडता येत नाही, आणि मी शब्दांवर जगणारा माणूस आहे.

तो रचना कशी करायचा ते मी शेकडो वेळा पाहिले. चौकटीचा कागद, रंगीत पेन्सिली आणि वाटीभर मोहरी. मोहरीचे दाणे कागदावर मांडायचे, संगीताची कॅसेट लावायची, आठ मोजायचे आणि दाणे बोटाने हलवायचे. सुनंदावहिनी म्हणायच्या, "फोडणीला मोहरी नाही, आणि इथे बघा पलटण उभी आहे." इतर रचनाकार प्रत्येक ठिपक्याला क्रमांक देतात, ढोल तीन, बिगुल सात, असे. दिनकर नाव लिहायचा. ट्रेसी. इम्रान. डॅरन. पन्नास मुले असली तर पन्नास नावे, मुंगीच्या अक्षरात. मी एकदा म्हटले, "क्रमांक दिला तर वेळ वाचेल." तो म्हणाला, "वेळ वाचवून काय करू? तुझे अर्ज वाचू?"

आणि त्याचा एक नियम होता, ज्यावरून पुढचे सगळे घडले, म्हणून तो स्पष्ट करतो. हंगामाच्या मध्येच एखादे मूल आजारी पडले किंवा जखमी झाले, तर संचलनात त्याच्या जागी भोक पडते. बहुतेक शिक्षक उरलेल्या मुलांना थोडे थोडे सरकवून ते भोक बुजवतात, कारण परीक्षक रिकाम्या जागेचे गुण कापतात. दिनकर बुजवू द्यायचा नाही. तो हंगाम संपेपर्यंत ती जागा तशीच ठेवायची, बाकीच्यांनी तिच्याभोवतीने चालायचे. त्याचे कारण त्याने मला एकदाच सांगितले. गावाकडे चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तो वस्तीच्या बँडमध्ये ताशा वाजवायचा. एका वर्षी ऐन वेळी विषमज्वर झाला. दारात घोंगडी पांघरून बसला होता. मिरवणूक समोरून गेली, आणि दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरी जागा रिकामी होती. बँडमास्तरांनी कोणाला सरकू दिले नव्हते. "शांताराम, मी घरात होतो ना," तो म्हणाला, "पण मी मिरवणुकीत होतो. मला दिसलो मी." एवढे सांगून तो पुन्हा दाणे हलवू लागला.

प्रज्ञा लीड्सला शिकायला गेली आणि तिथल्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागली. तिच्याकडे जाता-येता दिनकरला तिथला एक बँड सापडला. गेली आठ वर्षे दर पंधरा दिवसांनी तो शनिवारच्या कोच बसने जायचा, चर्च हॉलमध्ये शिकवायचा, रविवारी परत यायचा. मोठमोठ्या बँडनी त्याच्या रचना घेतल्या. पण जीव या बँडमध्ये होता. यंदा त्यांची रचना शेवटी एका मोठ्या चौकोनी हिऱ्यात संपत होती आणि हिऱ्याच्या अगदी टोकाला लीअ‍ॅन झेंडा घेऊन उभी राहायची होती. ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुटीच्या सोमवारी, तिचा घोटा मोडला.

बँडच्या कमिटीचे पत्र आले. अतिशय सभ्य पत्र होते, हे मी आज कबूल करतो. अंतिम स्पर्धा तोंडावर आली आहे, टोकच रिकामे राहिले तर हिरा हिरा दिसणार नाही, तेव्हा या एकदाच जागा भरण्याची परवानगी द्यावी, असा मजकूर. दिनकर ते घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "दोन ओळी लिहून दे," तो म्हणाला. "लिही, लीअ‍ॅनची जागा राहू द्या. ती बघायला येणार आहे. बास. आणि खाली, युवर्स, दिनकर."

"एवढंच?"

"एवढंच रे. ती माझी माणसं आहेत."

दोन ओळी मला कमी वाटल्या. दोन ओळींसाठी कोणी शांताराम इंगळ्याकडे येत नाही, असे मला वाटले. मी चार पाने लिहिली. परिच्छेदांना क्रमांक दिले. त्यात मी लिहिले की श्री. तायडे यांच्या प्रदीर्घ सेवेची कमिटीने कधी कदर केली नाही. मी लिहिले की त्यांच्या रंगामुळे त्यांच्या शब्दाला कमी वजन दिले जाते. हे दिनकर कधीही, कोणत्याही बैठकीत, अगदी चहा पितानाही बोलला नव्हता. ते माझे होते. कौन्सिलच्या कचेरीतल्या एका खिडकीपाशी कित्येक वर्षांपूर्वी माझा जो अपमान झाला आणि ज्याचे उत्तर मी कोणालाच देऊ शकलो नाही, ते उत्तर मी दिनकरच्या तोंडी घालून लीड्सच्या त्या बायाबापड्यांना दिले. आणि शेवटी, पत्राला धार यावी म्हणून, लिहिले की सदर जागा भरली गेल्यास श्री. तायडे यांचे नाव कार्यक्रमातून वगळण्यात यावे व त्यांचा सदर बँडशी असलेला संबंध संपुष्टात आला असे समजावे.

दुसऱ्या दिवशी तो आला. पाने बघून म्हणाला, "बापरे, वकीलसाहेब, कोर्टात जायचंय का?" मी म्हणालो, "इंग्रजीत एवढं लागतंच." त्याने वाचले नाही. मी पुढे ठेवलेला कागद कोणी वाचत नाही, मी तसे वळण लावले आहे; बोट ठेवतो तिथे लोक सही करतात. मी बोट ठेवले. त्याने सही केली आणि विचारले, "लीअ‍ॅनचं लिहिलंयस ना नीट?" मी म्हणालो, "तिसऱ्या परिच्छेदात आहे."

कमिटीने पत्राचा शब्दन् शब्द मानला. स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी उत्तर आले: आपल्या भावना वाचून आम्हा सर्वांना धक्का बसला, आपल्याला असे वाटत होते याची आम्हाला कल्पना नव्हती, मुलांच्या मेहनतीसाठी जागा भरणे आम्हाला भाग आहे, म्हणून आपल्या इच्छेनुसार आपले नाव वगळले आहे. दिनकरने ते प्रज्ञाला फॅक्स करून तिच्याकडून फोनवर वाचून घेतले, मग माझ्या पत्राची प्रतही कागदांतून शोधून तिला फॅक्स केली आणि तीही वाचून घेतली. नंतर मला फोन केला.

"शांताराम, मी दोन ओळी सांगितल्या होत्या ना?"

मी म्हणालो, "आता त्यांना कळेल तू कोण आहेस."

"त्यांना माहीत होतं रे मी कोण आहे." मग म्हणाला, "मार्गारेट रडली असेल. रंगाबिंगाचं तू कुठून आणलंस?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो.

"बरं, एक कर. आत्ता एक ओळ लिहून पाठव. नाव नसलं तरी चालेल. ते शब्द माझे नव्हते, एवढं लिही. आणि मला मैदानाच्या कडेला उभं राहू द्या."

"तू फोन कर की त्यांना."

"तूच म्हणतोस ना, कागदावर गेलेलं कागदावरच परत यावं लागतं? शिवाय फोनवर मला जमायचं नाही. मार्गारेटचा आवाज ऐकला की सांगायचं राहून जाईल. तू लिही."

मी म्हणालो, "दिनकर, आता झुकायचं नाही. स्पर्धा होऊ दे, सोमवारी बघू." तो म्हणाला, "बरं, सोमवारी." आमचे शेवटचे बोलणे हे एवढेच. मी त्या संध्याकाळी फॅक्स करू शकलो असतो. दुकानात मशीन माझ्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर आहे.

रविवारचे जे आहे ते प्रज्ञाने सांगितले तसे लिहितो. त्याने तिकीट काढले आणि प्रेक्षकांत बसला. आठ वर्षांत प्रथमच बसून पाहत होता. प्रज्ञा म्हणाली, "काका, बाबा पूर्ण वेळ काउंट करत होता. गुडघ्यावर बोटांनी. वन टू थ्री फोर." बँड शेवटच्या हिऱ्याकडे वळला तेव्हा तो उभा राहिला. हिरा पूर्ण झाला. टोकाला दुसरी एक मुलगी होती, आणि तिच्यासाठी चारही बाजूंच्या मुलांनी थोडे थोडे सरकून घेतले होते. प्रज्ञाला वाटले तो चिडेल. तो म्हणाला, "छान भरली गं. अंतर बघ, सगळ्यांचं सारखं. कोणी खाली बघत नाहीये." मग चार पायऱ्या उतरून लीअ‍ॅन बसली होती तिथे गेला, वाकून मैदानाकडे बोट दाखवून तिला काही सांगितले. ती हसली. तो वळला, दोन पायऱ्या चढला आणि कठडा धरण्यासाठी हात पुढे केला... हात कठड्यापर्यंत पोचला नाही.

बाविसाव्या दिवशी मी लीड्सला गेलो. मी कोणाला न सांगता गेलो. चर्च हॉलमध्ये मार्गारेटबाई भेटल्या. सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात, तरी उठून उभ्या राहिल्या. मी माझे नाव सांगितले आणि म्हणालो की ते चार पानी पत्र माझे आहे, दिनकरची फक्त शेवटची सही आहे. त्यांनी कपाटातून फाइल काढली, पत्र उघडून माझ्यापुढे ठेवले. "वुई डिड व्हॉट ही आस्क्ड, मिस्टर इंगळे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आय रेड इट टेन टाइम्स. मला वाटलं, आठ वर्षं हा माणूस माझ्या हातचा चहा पीत होता आणि मनात असं..." आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणापुढे हातात कागद न घेता उभा होतो. मग विचारले, लीअ‍ॅनला दिनकरने काय सांगितले? त्यांनी तिला विचारलेले होते. तो तिला म्हणाला होता, "तू टोकाला होतीस. आता ती मुलगी तुझी पावलं टाकतेय. तू शिकवलीस तिला, नाही का?" तिने खरेच शिकवली होती. प्लास्टर घातलेल्या पायाने, खुर्चीत बसून. हे दिनकरला कोणी सांगितले नव्हते. पावले बघून त्याने ओळखले.

त्या दिवसापासून माझी एक समजूत मोडली आहे. मला वाटायचे जागा भरल्याने त्याचे हृदय फुटले. ते सोयीचे होते, कारण मग दोष कमिटीचा ठरला असता. तसे नव्हते. जागा भरलेली पाहूनही तो माणूस खूश झाला होता. मैदानाच्या कडेला जाऊन त्या मुलांना हे सांगता येत नाही, एवढेच त्याला खुपत असेल, आणि ती बंदी त्याच्यावर मी घातली होती.

कमिटीने त्यानंतरच्या बैठकीत ठराव केला आहे. रचनाकार म्हणून दिनकर तायडे यांचे नाव बँडच्या नोंदवहीत परत घालण्यास आणि पुढच्या हंगामात ही रचना त्यांच्या नावाने पुन्हा सादर करण्यास त्यांची तयारी आहे. परंतु नाव काढण्याची विनंती मयताच्या सहीने आलेली असल्याने, ती रद्द करायला कुटुंबाची सही त्यांना हवी आहे. ते पत्र मी तयार केले आहे. दोन ओळींचे आहे: आधीच्या पत्रातले शब्द दिनकर तायडे यांचे नव्हते, ते शांताराम इंगळे यांचे होते. कृपया त्यांचे नाव परत लावावे.

सुनंदावहिनी, हे निवेदन छापायला देण्यापूर्वी त्याची एक प्रत, त्या दोन ओळींच्या पत्रासह, मी तुमच्या लेटरबॉक्समध्ये टाकली आहे. बेल वाजवण्याचे धाडस झाले नाही. प्रज्ञाला पत्राचे माहीत होते. तिने तुम्हाला सांगितले नाही, कारण मीच सांगावे असे ती मला म्हणाली होती, आणि मी पाच आठवडे लावले. तिला बोल लावू नये. तुम्ही माझ्याकडे ज्यांच्याविरुद्ध अर्ज मागितला त्यांचा अपराध नाही. ज्याच्याकडे मागितला त्याचा आहे. मी क्षमेची मागणी या निवेदनात करत नाही, कारण ती मागण्याचा मसुदा मला येत नाही.

विनंती एवढीच आहे की त्या दोन ओळींखाली आपण सही करावी आणि ते पत्र प्रज्ञामार्फत लीड्सला पाठवावे. माझ्या हातून जाण्याची गरज नाही. त्या कागदावर माझेही नाव आहे म्हणून तो फाडू नये. ती सही दिनकरसाठी आहे. माझ्याविषयी आपल्याला जे म्हणायचे असेल ते वेगळ्या कागदावर लिहावे, कितीही पानांचे असो. मी ते पूर्ण वाचीन आणि पोच देईन. उत्तराची वाट पाहत आहे.

आपला,
शांताराम इंगळे
वेम्बली